गेस्टाल्ट थेरपी : रिकाम्या खुर्चीशी बोलून खरंच काही होतं का?

शेवंती_
मंडळी, इथे गेस्टाल्ट थेरपी (मानसोपचाराची एक पद्धत) घेतलेलं कुणी आहे का? नुसतं वाचलेलं नको, घेतलेलं किंवा देणारं कुणी असेल तर फार बरं.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. मोठ्या बहिणीशी माझं बोलणं बंद आहे, आईच्या शेवटच्या आजारपणात जे काय झालं त्यावरून. आता आईही नाही आणि ताईही नाही बोलायला, त्यामुळे भांडू तरी कुणाशी अशी अवस्था. काही महिने एका काउन्सेलरकडे जातेय, त्या गेस्टाल्टवाल्या आहेत. आत्तापर्यंत नुसतं बोलणं चाललं होतं, ते बरं होतं. पण मागच्या वेळी म्हणाल्या की पुढच्या खेपेला एक खुर्ची समोर ठेवू, ताई तिथे बसलीय असं समजून तुम्ही तिच्याशी बोला. मी हो हो करून आले आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे. एकतर मला हसू येणार. हसू नाही आलं तर मी नाटक करीन, त्यांना बरं वाटावं म्हणून (मी तशीच आहे). आणि समजा अगदी मनापासून बोलले, तरी ताईला त्यातलं काय कळणार?

दुसरा प्रश्न नवऱ्याचा आहे. त्याचं म्हणणं हे थेरपीवाले माणसाला 'मी, माझं, मला' एवढंच शिकवतात आणि मग घरातली माणसं ओझं वाटायला लागतात. नात्यांसाठी ही पद्धत खरंच उपयोगी आहे का?

टिंगल चालेल, पण सोबत उत्तरही द्या.

बसकंडक्टर
साहेब मीटिंगला गेले की मी त्यांच्या रिकाम्या खुर्चीशी रोज बोलतो. खूप बरं वाटतं. पगारात मात्र फरक पडलेला नाही.

हलके घ्या हो ताई. उत्तर जाणकार देतीलच. वाचतोय.

अर्धविराम
घेतलीय मी, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

माझ्याकडे खुर्चीत वडील होते. त्यांनी ठरवलेलं शिक्षण मी अर्धवट सोडलं आणि तेव्हापासून त्यांनी माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, ते जाईपर्यंत. बरीच वर्षं झाली त्याला. मी गेलो होतो झोपेच्या तक्रारीसाठी, वडिलांचा विषय नंतर निघाला.

खुर्ची आणली तेव्हा पहिला प्रश्न आला, किती लांब ठेवायची? मला वाटलं हा काय प्रश्न झाला, पण उचलून ठेवली ती पार दाराजवळ. काउन्सेलर म्हणाले, एवढ्या लांबून ऐकू जाईल का त्यांना? मग थोडी जवळ ओढली, मग परत मागे. त्यातच दहा मिनिटं गेली असतील आणि खरं सांगायचं तर अर्ध काम तिथेच झालं, कारण मला तोवर माहीतच नव्हतं की मी अजून त्यांच्या जवळ बसायला इतका कचरतो.

बोलायला लागलो तर वडिलांविषयी बोलतोय, तेही काउन्सेलरांकडे बघून. 'ते कायम असं करायचे' वगैरे. ते म्हणाले मला नका सांगू, त्यांना सांगा. मग 'बाबा तुम्ही' असं सुरू केलं आणि आवाजच निघेना. तेवढ्यात त्यांनी विचारलं, तुमचा उजवा पाय काय करतोय? पाय हलत होता, माझं लक्षच नव्हतं. म्हणाले, थांबवू नका, उलट जरा जास्त हलवा. हलवता हलवता ती सरळ लाथ व्हायला लागली आणि मग जो काय आवाज लागला तो लागला.

त्यानंतर मला बाबांच्या खुर्चीत बसवलं. मी हाताची घडी घालून ताठ बसलो आणि तोंडातून आलं, 'तुला काय कमी केलं आम्ही?' हे वाक्य त्यांचंच, अगदी त्यांच्याच चालीत. काउन्सेलरनी मलाच बाबा समजून विचारलं, हे म्हणताना आत काय होतंय? आणि मी, म्हणजे बाबा, म्हणालो की या पोराचं कसं होणार या काळजीने झोप लागत नाही.

नंतर रडलो वगैरे, पण त्याचं विशेष नाही. विशेष हे की घरात बाबांचा विषय निघाला की मी जो उठून जायचो ते थांबलं. चमत्कार म्हणाल तर नाही झाला. झोप अजून जेमतेमच आहे.

मनमोर
अर्धविराम, फार सुरेख लिहिलंत. मी या क्षेत्रातली आहे, वेळ मिळाला की सविस्तर लिहिते.

कडूनिंब
अर्धविराम, वाईट वाटून घेऊ नका, पण 'बाबा म्हणाले' हे काही खरं नाही. म्हणालात तुम्हीच. तुम्हाला हवं ते उत्तर तुम्ही त्यांच्या तोंडी घातलंत. ते खरंच काळजीत होते की नुसते हट्टी होते हे कळायला आता कुठलाच मार्ग नाही. मग समजूत काढून घेण्यापलीकडे यात काय झालं?

अर्धविराम
@कडूनिंब, वाईट कशाला वाटेल, मान्यच आहे. पण इतकी वर्षं माझं भांडण तरी कुठल्या बाबांशी चाललं होतं? माझ्या डोक्यातल्याच ना? त्या बाबांना इतके दिवस एकच वाक्य येत होतं, आता दोन येतात.

बसकंडक्टर
+१. हे आवडलं.

चष्मिष्ट
मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे, परीक्षा जवळ आलीय, त्यामुळे अभ्यासाऐवजी इथे इतिहास लिहून काढते.

ही पद्धत फ्रिट्झ पर्ल्स, त्याची बायको लॉरा पर्ल्स आणि पॉल गुडमन यांची. फ्रिट्झ बर्लिनचा, जन्म १८९३, पहिल्या महायुद्धात खंदकात राहून आलेला, पुढे डॉक्टर आणि मनोविश्लेषक झाला. नवराबायको दोघंही ज्यू, त्यामुळे १९३३ मध्ये हिटलर आल्यावर जर्मनी सोडून आधी हॉलंड आणि मग दक्षिण आफ्रिका. तिथे जोहान्सबर्गला प्रॅक्टिस चांगली चालली. १९३६ मध्ये फ्रिट्झ मोठ्या अपेक्षेने युरोपात फ्रॉइडला भेटायला गेला आणि भेट दाराशीच काही मिनिटांत संपली. ते त्याला आयुष्यभर सलत राहिलं. अपुऱ्या राहिलेल्या गोष्टी पुऱ्या करा म्हणणाऱ्या माणसाची स्वतःचीच एक अपुरी राहिली ती अशी. १९४६ मध्ये न्यूयॉर्क, १९५१ मध्ये राल्फ हेफरलाइन आणि गुडमन यांच्याबरोबर मुख्य पुस्तक, १९५२ मध्ये न्यूयॉर्कची संस्था. साठच्या दशकात तो कॅलिफोर्नियात एसालेन नावाच्या शिबिर-केंद्रात राहिला आणि तिथे पार स्टार झाला. १९७० मध्ये शिकागोला वारला.

खुर्ची मुळात त्याची नव्हेच. जेकब मोरेनो या मानसोपचारतज्ज्ञाचा सायकोड्रामा आधीपासून होता, त्यात माणसं एकमेकांच्या भूमिका वठवायची. पर्ल्सने तिथून उचललं आणि बाकीची माणसं काढून टाकून सगळ्या भूमिका एकालाच करायला लावल्या.

मूळ कल्पना अशी. आपल्याला सगळं एकदम दिसत नाही, एक गोष्ट पुढे येते आणि बाकीचं मागे जातं. तहान लागली की खोलीत फक्त पाणी दिसतं, प्यायलं की ते मागे जातं आणि दुसरं काहीतरी पुढे येतं. जी गरज पुरी होत नाही ती मागे जायला तयार होत नाही आणि प्रत्येक नव्या प्रसंगात मध्ये मध्ये करते. शेवंतीताईंचं ताईशी जे अडलंय ते कदाचित जावेशी, मैत्रिणीशी, बॉसशी बोलताना पण डोकावत असेल. ते भूतकाळ उकरून सुटत नाही, आत्ता इथे ते कसं चाललंय हे पकडून सुटतं, असा दावा आहे. म्हणून 'का' कमी विचारतात आणि 'कसं' जास्त.

शेवंती_
चष्मिष्ट, जाऊबाईंचं कसं कळलं तुला? :)

पाटीपुस्तक
चष्मिष्ट, माहिती छान, पण लॉराला एका नावापुरतं उरकलंस. बाई मुळात फ्रिट्झपेक्षा जास्त शिकलेली म्हणावी अशी. फ्रँकफर्टला मानसशास्त्रात डॉक्टरेट, मार्टिन बूबर आणि पॉल टिलिख या तत्त्वज्ञांकडे शिकलेली, शिवाय पियानो आणि नृत्य. शरीराकडे, श्वासाकडे, बसण्याच्या ढबीकडे बघायची जी सवय या पद्धतीत आहे त्यात तिचा वाटा मोठा. १९४२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फ्रिट्झचं पहिलं पुस्तक आलं त्यातली काही प्रकरणं तिने लिहिलेली, मुखपृष्ठावर नाव मात्र एकट्याचं. तो एसालेनला टाळ्या घेत होता तेव्हा न्यूयॉर्कची संस्था चालवत होती ती, आणि १९९० पर्यंत होती.

दोघांच्या कामात फरकही होता. फ्रिट्झचा भर माणसाला एकदम कोंडीत पकडण्यावर आणि आधार काढून घेण्यावर. लॉरा म्हणायची की झेपेल तेवढाच आधार द्या पण द्या, पायाखाली काही नसेल तर माणूस समोरच्यापर्यंत पोचणार कसा. शेवंती, तुमच्या काउन्सेलर कुठल्या वळणाच्या आहेत ते बघा. यावर बरंच अवलंबून आहे.

गुळाचा गणपती
म्हणजे नवरा टाळ्या घेतो आणि बायको संस्था चालवते. यात थेरपीचं काय विशेष, घरोघरी हेच.

कडूनिंब
पाटीपुस्तक यांनी विषय काढलाच आहे तर बोलतो. ज्या माणसाने ही पद्धत काढली त्याचं स्वतःचं वागणं बघा. बायकोमुलांपासून लांब राहिला, उपचाराला आलेल्या बायकांशी संबंध ठेवले आणि ते लपवलंही नाही. आज असं केलं तर लायसन्स जाईल. १९६५ची ती फिल्म बघा, ग्लोरिया नावाच्या बाईबरोबर तिघा थेरपिस्टांचे सेशन आहेत, रॉजर्स, पर्ल्स आणि एलिस. ती म्हणते मला भीती वाटतेय आणि पर्ल्स तिला म्हणतो मग हसतेस काय, ढोंगी आहेस. बघताना अंगावर येतं.

दुसरं, राग बाहेर काढला की हलकं वाटतं आणि राग जातो, हे खोटं निघालेलं आहे. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाचा २००२ चा प्रयोग आहे. ज्याने चिडवलं त्याला डोळ्यासमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारलेल्यांचा राग उलट वाढला, जे नुसते शांत बसले त्यांचा कमी होता. मग खुर्चीवर ओरडा, उशी बडवा याला काय अर्थ राहिला?

तिसरं, 'अपुरं राहिलेलं मनात राहतं' याला पुरावा म्हणून ब्लूमा झायगार्निकचा १९२७ चा प्रयोग देतात. तोही नंतर सगळ्यांना तसाच्या तसा जमलेला नाही. आणि अर्धवट सोडवलेलं कोडं लक्षात राहणं वेगळं, आईचं आजारपण वेगळं.

विंचू
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

बसकंडक्टर
विंचू, काय लिहिलं होतंत ते खुर्चीला सांगा.

मनमोर
आले परत. कडूनिंब यांचे मुद्दे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत, म्हणून आधी तेच घेते.

पर्ल्सच्या वागण्याचं समर्थन मी करणार नाही आणि आमच्या ट्रेनिंगमध्येही कुणी केलं नाही. ती फिल्म आम्हाला दाखवली ती बऱ्याच अंशी 'असं करू नका' म्हणूनच. ग्लोरियाने सेशन झाल्या झाल्या पर्ल्सचा उपयोग झाला असं सांगितलं होतं, पण पुढे कित्येक वर्षं पत्रव्यवहार ठेवला तो रॉजर्सशी. एवढ्यावरून काय ते समजावं. आजचं काम सत्तरनंतर बरंच बदललंय. क्लायंटला उघडं पाडणं हा त्याचा गाभा राहिलेला नाही, दोघांमधला संवाद हा आहे.

रागाचं म्हणाल तर बुशमनचा प्रयोग बरोबर आहे आणि म्हणूनच मी उशी बडवायला सांगत नाही. पण खुर्चीचं काम म्हणजे ओरडणं हा समज सिनेमातून आलाय. अर्धविराम यांचंच उदाहरण घ्या. लाथ झाडून झाली तिथे ते सेशन थांबलं असतं तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. महत्त्वाचं घडलं ते त्यानंतर, दुसऱ्या खुर्चीत. नुसता राग बाहेर पडून काही होत नाही, त्या रागाखाली काय हवं होतं ते बाहेर यावं लागतं आणि समोरच्याचं चित्र थोडं तरी हलावं लागतं. लेस्ली ग्रीनबर्ग या संशोधकाने सेशनच्या टेप बघून बघून हेच शोधून काढलं. १९९५ मध्ये त्याने आणि सँड्रा पायव्हिओने ३४ जणांवर अभ्यास केला, सगळे असेच, जवळच्या माणसाशी काहीतरी अपुरं राहिलेले. रिकाम्या खुर्चीवर आधारलेली थेरपी घेतलेल्यांना माहिती देणाऱ्या ग्रुपपेक्षा बराच जास्त फायदा झाला आणि वर्षभराने बघितलं तेव्हाही तो टिकून होता. अभ्यास छोटा आहे हे मीच सांगते. सीबीटीवर (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी थेरपी) जेवढं संशोधन आहे तेवढं गेस्टाल्टवर नाही, हेही खरं.

आता नवऱ्याच्या प्रश्नाकडे. घरातल्या बहुतेक भांडणांत मला चार-पाच सवयी परत परत दिसतात. एक म्हणजे न चावता गिळलेलं. 'मोठ्यांना उलटून बोलायचं नाही', 'पुरुषाने रडायचं नाही'. हे आपलं आहे की कुणी भरवलेलं हे कधी तपासलेलंच नसतं. (पर्ल्स त्या पहिल्या पुस्तकात खरोखरच चावण्यावर पानंच्या पानं लिहितो.) दुसरी, आपल्यातलं समोरच्यावर टाकणं. स्वतः चिडलेलो असतो आणि विचारतो 'तू का चिडलीस?' तिसरी, जे दुसऱ्याला करायचं ते स्वतःलाच करणं, बोलायचं ते दात आवळून धरणं, मग डोकं दुखतं. चौथी, विषय आला की विनोद करून निसटणं (बसकंडक्टर, तुम्हाला नाही म्हणत आहे). आणि पाचवी माझ्या मते नवराबायकोत सगळ्यात जास्त, दोघांचं एक होऊन जाणं. 'आम्हाला नाही आवडत बाहेर जायला.' तुम्हाला दोघांना की एकाला? विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात.

एक प्रसंग सांगते, तपशील सगळे बदललेत. ती म्हणाली, तू मला काही सांगतच नाहीस. तो लगेच माझ्याकडे वळून, बघा मॅडम, हे असं रोज. मी म्हटलं मला नको, तिच्याकडे बघा आधी. काय दिसतंय? म्हणे, रागावलीय. म्हटलं तो तुमचा अंदाज झाला, दिसतंय काय ते सांगा. त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ओठ दाबून धरलेत, डोळ्याखाली काळं झालंय, आणि खांदे असे पुढे आलेत. ती म्हणाली, मी रागावलेली नाहीये रे, दमलेय. पुढचं सगळं बोलणं दमण्यावर झालं आणि ते दोघांनाही येत होतं. रागावरचं भांडण त्यांना पाठ होतं, त्यातून काही निघत नव्हतं.

यात 'मी मी' कुठे आलं? उलट समोरचा माणूस पहिल्यांदा नीट दिसला. 'मी'चा आग्रह धरतो आम्ही, पण तो एवढ्यासाठी की 'तू उशिरा का आलास' या प्रश्नात लपलेलं 'मी वाट बघत होते' हे बाहेर यावं. ते ऐकून माणूस चिडत नाही सहसा.

गुळाचा गणपती
आमच्याकडे 'तू उशिरा का आलास' मध्ये फक्त 'तू उशिरा का आलास' एवढंच लपलेलं असतं.

दुपारची झोप
शेवंतीताईंच्या नवऱ्याच्या बाजूने लिहिणारं कुणीतरी हवं म्हणून मी लिहितो.

बायको दोन वर्षं जात होती, गेस्टाल्टच्या ग्रुपला. ग्रुप कुणाचा ते जाऊ दे. सुरुवातीला चांगलं वाटलं, खरंच. मग भाषा बदलली. मी काही म्हटलं की 'ही तुझी अपेक्षा आहे, माझी जबाबदारी नाही'. आजारी पडलो होतो तेव्हाही हे ऐकलंय. त्यांच्याकडे ती पर्ल्सची प्रार्थना म्हणून प्रसिद्ध आहे, मी माझं करतो तू तुझं कर, जुळलं तर छान नाही तर इलाज नाही अशा अर्थाची, ती फ्रेम करून लावलेली होती. आता मला सांगा, दोन लहान मुलं आणि घर असताना 'नाही तर इलाज नाही' कसं चालेल? ग्रुपमधली अजून दोन जोडपी याच काळात वेगळी झाली. आम्ही झालो नाही, पण ते ग्रुपमुळे नव्हे, ग्रुप सुटल्यामुळे.

मनमोर ताई, तुम्ही सांगताय ते पटण्यासारखं आहे. पण बाहेर मिळतं ते असं मिळतं.

पाटीपुस्तक
दुपारची झोप, ती प्रार्थना १९६९ सालची, त्या काळच्या वाऱ्यावरची. ज्या माणसांचा जीव दुसऱ्यांच्या अपेक्षा पुरवण्यात गेला त्यांच्यासाठी ती कदाचित औषध असेल, भिंतीवर लावायला मात्र फार वाईट. आणि या पद्धतीच्या स्वतःच्याच तत्त्वात ती बसत नाही. १९५१ च्या पुस्तकाची पहिलीच मांडणी अशी की माणूस एकटा असा नसतोच, तो आणि त्याच्या भोवतीचं मिळून जे घडतं तेच अनुभव. लॉराने बूबरकडून घेतलेलं 'मी आणि तू' तेच सांगतं. सीमा हवी ती भेटण्यासाठी. कुंपण घालायला नव्हे. सोपा अर्धा भाग पोस्टरवर आला, अवघड अर्धा पुस्तकात राहिला.

कडूनिंब
हे दर वेळेस होतं. कुठलीही थेरपी घ्या, अपाय झाला की 'ते खरं गेस्टाल्ट नव्हतं'. सोयीचं आहे.

मनमोर
सोयीचं आहे खरं. म्हणून मी तसं म्हणत नाही. दुपारची झोप यांनी जे सांगितलं ते गेस्टाल्टच होतं, अर्धवट शिकवलेलं. आजारी माणसाला 'ही तुझी अपेक्षा' म्हणणं यात समोरच्याशी भेट कुठे झाली? शिकलेलं वाक्य न चावता गिळणं हेच झालं, फक्त या वेळी आईवडिलांच्या ऐवजी ग्रुपचं. चांगल्या ग्रुप लीडरने ते तिथल्या तिथे पकडायला हवं होतं.

जोडप्यांसाठीचं म्हणाल तर ग्रीनबर्ग आणि सू जॉन्सन यांनी १९८५ मध्ये जी पद्धत तपासली, जिला इमोशन फोकस्ड म्हणतात, त्यात गेस्टाल्टचा बराच भाग आहे आणि तिथे सगळा जोर एकमेकांपर्यंत पोचण्यावर आहे. आज त्या पद्धतीला जोडप्यांच्या बाबतीत चांगला पुरावा आहे.

मुंगीपाऊल
धागा उशिरा वाचला. घरी एकट्याने करून बघितलं तर चालेल का हे खुर्चीचं? फी परवडत नाही.

मनमोर
@मुंगीपाऊल, बॉसशी काय बोलायचं याची तालीम किंवा दोन पर्यायांत मन अडकलंय अशा गोष्टींसाठी करून बघा, हरकत नाही. दोन खुर्च्या, एकीत 'नोकरी सोडावी' म्हणणारा आणि दुसरीत 'थांब' म्हणणारा. मात्र ज्याने मारहाण केली, अत्याचार केला अशा माणसाला एकट्याने समोर बसवू नका. जुना आघात एकदम अंगावर येऊ शकतो आणि बाजूला सावरायला कुणी नसतं. भास होत असतील, नसलेले आवाज ऐकू येत असतील तर हे अजिबात नको. जीव द्यावासा वाटत असेल तर खुर्ची राहू दे बाजूला, आधी डॉक्टर गाठायचा.

चष्मिष्ट
मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे आर्नल्ड बायसर. हा टेनिस खेळाडू, चांगला राष्ट्रीय पातळीवरचा, पंचविशीत पोलिओ झाला आणि आयर्न लंगमध्ये (श्वास चालू ठेवणारं यंत्र) गेला. पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाला. १९७० मध्ये त्याने गेस्टाल्टवर एक छोटा लेख लिहिला. माणूस जो नाही तो व्हायला धडपडतो तोवर बदल होत नाही, जो आहे ते पुरतं होऊन राहिला की बदल होतो, असं त्याचं म्हणणं. खाटेवर पडून राहिलेल्या माणसाने हे लिहावं याला वजन येतं. नाहीतर असली वाक्यं आपण फॉरवर्डमध्ये रोज वाचतो.

गुळाचा गणपती
मी जो आहे तो पुरता होऊन सोफ्यावर पडलेलो आहे. बदलाची वाट बघतोय. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

शेवंती_
सगळ्यांचे आभार. जाऊन आले, म्हणून लिहिते.

खुर्ची ठेवली. मला हसू आलं, ठरल्याप्रमाणे. मी म्हटलं सॉरी सॉरी. त्या म्हणाल्या सॉरी कशाला, हसा की, आणि हसताना ताईकडे बघा. मी बघितलं आणि हसू थांबेचना, आणि मग लक्षात आलं की मी लहानपणापासून ताई ओरडली की अशीच हसते. आईला वाटायचं मी निर्लज्ज आहे. खुर्चीतल्या ताईशी एक अक्षर बोलले नाही मी. सगळा वेळ त्या हसण्यावरच गेला. त्या म्हणाल्या बोलायचं की नाही ते पुढे बघू, खुर्ची ठेवायलाच हवी असं काही नाही.

अर्धविराम, तुमचं अंतराचं वाचलं होतं म्हणून मी मुद्दाम बघितलं. मी खुर्ची जवळ ठेवली होती, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी. लांब ठेवायचं सुचलंच नाही. याचा अर्थ काय ते अजून कळलेलं नाही.

कडूनिंब, तुमचे मुद्दे नवऱ्याला वाचून दाखवले, त्याला तुम्ही फार आवडलात. दुपारची झोप यांचंही त्याला वाचायला दिलं. तो म्हणाला की मग मीच एकदा येऊन बघतो तिथे काय शिकवतात ते. आता याला नेऊ का बरोबर? मनमोर, सांगा.

कडूनिंब
नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

अर्धविराम
गुडघ्याला गुडघा, बापरे. मला जमलं नसतं.

मनमोर
एखाद्या सेशनला पाहुणा म्हणून आला तर हरकत नाही, तुमच्या काउन्सेलरना आधी विचारा. पण दोघांचं म्हणून काम करायचं असेल तर शक्यतो दुसरा काउन्सेलर बघा. या तुम्हाला काही महिने ओळखतात, ताईचं सगळं त्यांना माहितीय, त्याला पहिल्याच दिवशी वाटेल की दोघी एका बाजूला आणि मी एका बाजूला. नव्या ठिकाणी दोघांची पाटी कोरी राहील. फोनवरच विचारून घ्या की जोडप्यांबरोबर काम करायचं वेगळं ट्रेनिंग झालंय का, आणि त्यांचं स्वतःचं सुपरविजन (अनुभवी थेरपिस्टकडून कामाची तपासणी) चालू आहे का. हे विचारल्याचा राग आला तर तिथे जाऊ नका.